माझ्या पोटातली खाडी

मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, सुरांची. पट्ट्या दाबायच्या, मागचा भाता हलवायचा, की गाते ती पेटी. मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तक्रार नको. मी काही शांत स्वभावाची नाही. तंबोरा बघा, कोपऱ्यात उभा केला तरी समाधीत असल्यासारखा दिसतो. मला ते जमत नाही. माझ्या पोटात सतत हवेची ये-जा लागते. चार दिवस कुणी भाता हलवला नाही, तर मला गुदमरल्यासारखं होतं. त्यामुळे माझ्या बोलण्यातही जरा घाई आहे. सांभाळून घ्या.

माझा जन्म ठाण्याचा. देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, खाडीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत हरिहर मास्तरांनी मला बनवलं. मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे, पण जीव सगळा सुतारकीत आणि सुरांत. त्या काळी परदेशी सूर मिळणं दुरापास्त झालं होतं. सूर म्हणजे आमच्या पोटात बसवलेल्या पितळेच्या लहान पट्ट्या. हवेने त्यांची जीभ थरथरते आणि आवाज निघतो. मास्तरांना एका मोडलेल्या नाटक मंडळीची पायपेटी मिळाली. तिचं लाकूड वाळवीने खाल्लेलं होतं, सूर मात्र शाबूत होते. ते त्यांनी एकेक करून काढले आणि सागवानाच्या नव्या पेटीत बसवले. तीन सप्तकं, प्रत्येक पट्टीला दोन सूर, असे एकूण चौऱ्याहत्तर.

बसवले म्हणजे लागले असं नाही. प्रत्येक सूर बारीक कानशीने घासून जागेवर आणावा लागतो. टोकाशी घासला तर चढतो, मुळाशी घासला तर उतरतो. केसभर जास्त घासला की संपलं. मास्तरांना या कामाला वर्ष लागलं. त्यांचा मुलगा त्र्यंबक कचेरीत कारकून होता. पेटी वाजवण्यात त्याचा हात गोड, पण कानशीच्या कामाला लागणारा धीर त्याच्याकडे नव्हता. मग दुपारी, घरातली धुणीभांडी झाली की, सून सुहासिनी भाता मारायला बसायची. मास्तर घासायचे, सूर जागेवर लावायचे, ती हवा द्यायची. पहिले काही महिने ती नुसती हवा देत होती. मग एके दिवशी हळूच म्हणाली, “मामंजी, हा अजून जरा चढा वाटतो.”

मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पुन्हा ऐकलं. “चढाच आहे,” ते म्हणाले. “पोरी, तुझ्या कानात काय बसलंय?”

त्या दिवसापासून ते तिला विचारल्याशिवाय एकही सूर पक्का करीनात. पुढे पुढे तर कानशीही तिच्या हातात देऊ लागले. आधी रद्दी पितळेवर, मग एखाद्या टाकाऊ सुरावर. ही गोष्ट त्या दोघांना ठाऊक होती आणि मला. कचेरीतून येणाऱ्या त्र्यंबकला कुणी सांगितली नाही. लपवायची होती असंही नाही, पण सून पेटी उघडून बसते हे गल्लीला कळलं असतं, तर गल्लीला तेवढाच उद्योग झाला असता.

माझी उमेदीची वर्षं फार छान गेली. त्र्यंबकने चार मित्रांना जमवून एक संगीत मंडळी काढली होती. गल्लीच्या टोकाला त्यांची एक बैठी खोली होती. मधु तबल्याला. शेजारच्या मिठागरावर काम करणारे धाकूबुवा मृदंगाला. बुवा आगरी वस्तीतल्या भजनाचे पुढारी. त्यांच्या बोटांना मिठाने भेगा पडलेल्या असायच्या, तरी मृदंगावर पडली की ती लोण्यासारखी वाटायची. माझी ‘काळी एक’ ही पट्टी दाबली, की सगळे आपापलं वाद्य तिच्याशी मिळवून घ्यायचे. तंबोरासुद्धा! तेव्हा मला जो आनंद व्हायचा तो मी लपवणार नाही. लोक म्हणायचे, “मास्तरांची पेटी म्हणजे काय! कान धुतल्यासारखे होतात.”

मग मास्तर गेले. जाण्यापूर्वी त्यांनी त्र्यंबकला एकच बजावलं, “ह्या सुरांना कुणी हात लावायचा नाही. लागलेले आहेत, लागलेले राहू देत.” त्र्यंबकने ते शब्द काळजावर कोरून घेतले. वडिलांचा फोटो एकच होता, तोही अंधुक. त्यांचा हात खरा जर कुठे शिल्लक होता, तर माझ्या पोटात. सुहासिनीने तेव्हापासून मला शिवणं सोडलं. दुपारी ती माझ्यापाशी बसून तांदूळ निवडायची, एवढंच.

दर आषाढात मला बांधून ठेवण्याची रीत होती. सर्द हवेत पट्ट्या फुगतात, सूर चिकटतो, म्हणून पोटात कापूर आणि वेखंड ठेवायचं, वर गोधडी, त्यावर मेणकापड, त्यावर सुतळीच्या गाठी. घराच्या कौलांतून पाणी ठिबकायचं. मंडळीच्या खोलीची कौलं मात्र नुकतीच बदललेली. म्हणून त्या वर्षी त्र्यंबकने मला खोलीत नेलं, सगळ्यात खालच्या फळीवर ठेवलं, आणि दोनदा गाठी तपासून गेला. वरून येणाऱ्या पाण्याचा त्याने चोख बंदोबस्त केला होता.

पाणी आलं खालून.

आषाढी अमावास्येचं उधाण होतं, आणि त्याच दिवशी सकाळपासून पाऊस असा लागला की खाडीला आपलं पाणी बाहेर टाकायला जागाच उरली नाही. दुपारपर्यंत गल्ली भरली. मंडळीची माणसं धावत आली. तंबोरे खुंटीवर होते, ते वाचले. मधुने तबला डोक्यावर घेतला, पण डग्गा त्याच्या हातातून निसटून पाण्यावर गिरक्या घेऊ लागला. दिलरुबा कुणाच्या लक्षातच आला नाही. आणि मी? मला त्र्यंबकने पाहिलं. गुडघाभर पाण्यात तो माझ्यापर्यंत आला, मेणकापडावर हात फिरवला आणि मधुला म्हणाला, “ही राहू दे. हिला काही होत नाही, पक्की बांधलीय. तू तो मृदंग बघ आधी.”

मी आतून ओरडत होते, पण बांधलेल्या पेटीचं कोण ऐकणार?

मेणकापड कसंही गुंडाळलं तरी त्याला घडी असते. त्या घडीतून खाडी आत आली. हळूहळू आली, पण आली. आणि मित्रांनो, एकदा आत आलेलं पाणी तितक्याच पक्क्या बांधणीमुळे बाहेर जाईना. दुसऱ्या दिवशी गल्ली मोकळी झाली, तेव्हाही मी तशीच भरलेली होते. खोलीत गुडघाभर चिखल, दाराशी मोडलेली खाट अडकलेली. ती काढून माझ्यापर्यंत पोहोचायला तिसरा दिवस उजाडला. त्र्यंबकने सुतळी कापली, मेणकापड सोडलं आणि माझ्या पोटातून घागरभर काळं पाणी त्याच्या धोतरावर सांडलं.

त्या आठवड्यात गावातली वाद्यं ओट्याओट्यांवर मांडलेली होती. मधुच्या डग्ग्याची शाई पाघळून गेली होती. दिलरुब्याचा सरस सुटून त्याच्या पाठीची फळी वेगळी झाली होती. एका कीर्तनकारांचा तंबोरा भोपळ्याला चीर जाऊन पडला होता. जो तो आपापल्या वाद्यापाशी फडकं घेऊन वाकलेला.

त्र्यंबकने माझ्यासाठी काय केलं नाही! एक थेंब आत राहू द्यायचा नाही हा त्याचा ध्यास. उन्हात ठेवलं तर लाकूड तडकेल म्हणून सावलीत ठेवलं. जरा लांबवर शेगडी पेटवली. कळीच्या चुन्याच्या पुरचुंड्या पोटात ठेवल्या. कचेरीतून आला की चहा न घेता आधी माझ्यात हात घालून बघायचा. पंधरा दिवसांत मी खडखडीत वाळले. भाता डागडुजी करून बसवला आणि त्याने काळी एक दाबली. वाजली! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मीसुद्धा फसले. मलाही वाटलं, सुटले.

गणपतीत मंडळीचा कार्यक्रम होता. मधु सुरुवातीपासून सगळ्यांना धीर देत होता. दिवसभर आभाळ दाटलेलं, हवा सर्द. दुसऱ्या गाण्यात गायक थांबला, टाळ्या वाजल्या, त्र्यंबकने हात उचलला, आणि माझी एक पट्टी वाजतच राहिली. चिकटून बसली होती. भात्यातली हवा संपेपर्यंत तो एक सूर रडत राहिला. लोक हसले. त्र्यंबकने पट्टी वर ओढली तर तिच्या शेजारची बसली. तिसरी मुकीच झाली. माझ्या अंगाला घाम सुटला होता. खराखुरा घाम, लाकडातून पाझरणारा.

त्यानंतर मला चैन पडेना आणि त्र्यंबकलाही. कोरड्या दिवशी मी बरी असायची, ढग आले की पुन्हा ओली. तो रोज मला उघडायचा, पुसायचा, मिटायचा, पाच मिनिटांनी पुन्हा उघडायचा. सुरांवर हिरवा गंज चढत होता. आज एक गेला, परवा दुसरा. आत काहीतरी कुरतडतंय हे मला जाणवत होतं, पण काय ते कळत नव्हतं. नुसती तगमग.

शेजारच्या गंगुबाईंनी ते हिरवं पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो, पितळच ना ते? देवाची भांडी घासतो तशी चिंच लावा की. लख्ख होईल.”

हात लावायचा नाही म्हणजे सूर काढायचा नाही, जागच्या जागी घासायला काय हरकत, असा त्र्यंबकने विचार केला. त्याने काळी एकच्या सुराला चिंचेचा कोळ लावला, राखेने टोकाशी घासलं. सूर सोन्यासारखा चकाकला. मग त्याने तो वाजवला. सूर चढला होता. साऱ्या मंडळीने ज्याच्याशी वाद्यं मिळवली, तोच सूर आता माझ्या इतर सुरांशी मिळत नव्हता. सुहासिनी आत भाकऱ्या थापत होती. तिचा हात जागीच थांबला. मी तिथून पाहत होते. ती बाहेर आली नाही.

त्या रविवारी धाकूबुवा आले. त्यांचा मृदंगही त्या पाण्यात भिजला होता. पण तो त्यांनी काखेत आणला होता आणि तो ठणठणीत बोलत होता.

“बुवा, तुमचा वाचला कसा?” त्र्यंबकने विचारलं.

“वाचला कसा म्हंजे? त्याच दिशी बावीवर नेला. पुड्या काढल्या, खोड धुतलं गोड्या पान्यान. मंग सुकवलं. पुड्या नव्या चढवल्या.” बुवांनी माझ्या लाकडावर बोट ओढलं आणि ते जिभेला लावलं. “त्र्यंबकराव, ही नाय सुकाची. पोटान मीठ हाय तिचे.”

“पंधरा दिवस वाळवलीय मी.”

“पानी सुकलं. मीठ कुठं जाल? मीठ पान्याला वडून घेतं. आमचा जलम त्याच्यातच गेला ना. हिला गोड्या पान्यान बुडवा, मीठ काढा, मंग सुकवा.”

त्र्यंबक ताडकन उठला. “बुडवू? पुन्हा? बुवा, तिचा सरस सुटेल, भाता जाईल, सूर काढावे लागतील! बाबांनी बजावलंय, सुरांना हात लावायचा नाही. ते बिघडले की बाबा दुसऱ्यांदा गेले समजा!”

“नाय बुडवली तर दिवालीपावतर एक सूर नाय राह्याचा,” बुवा शांतपणे म्हणाले. “मंग मास्तरांचा काय राहील?”

त्र्यंबक खोलीत फेऱ्या मारू लागला. मला धडकी भरली होती. गोडं असलं तरी पाणीच ना ते! आणि बुडवायचं म्हणजे माझं सागवान, माझा भाता, मास्तरांनी लावलेला प्रत्येक सांधा उकलणार. पण ती आतली कुरतड मला सोसवत नव्हती. बुडवा किंवा फेका, पण काहीतरी करा, असं मला झालं होतं.

“सूर काढायचे कुणी?” त्र्यंबक शेवटी म्हणाला. “चौऱ्याहत्तर आहेत. कुठला कुठे बसतो, मला नाही ठाऊक.”

“मला आहे,” आतून आवाज आला.

सुहासिनी पदराला हात पुसत दारात उभी होती. त्र्यंबकने तिच्याकडे पाहिलं.

“तुला? तुला कसं?”

“वर्षभर मामंजींना हवा कोण देत होतं? तुम्ही कचेरीत होतात.” मग मास्तर गेल्यापासून जे तीन वर्षं बोलली नव्हती ते बोलली. “हात लावू नका म्हणाले ते तुम्हाला म्हणाले हो. मला त्यांनी कानस दिली होती.”

बुवा मृदंगाकडे बघत राहिले. त्र्यंबक खाली बसला. मग त्याने पेचकस उचलला आणि तिच्या हातात दिला.

तिने मागच्या अंगणात रांगोळीने चौकोन आखले. प्रत्येक चौकोनात एक सूर, डावीकडून उजवीकडे, वरचे वर, खालचे खाली. गंजलेले स्क्रू हटत नव्हते, तिथे तिने तेलाचा थेंब सोडला आणि वाट पाहिली. घाई केली नाही. मी तोवर घाईने वेडी होत होते. सगळे सूर बाहेर गेले आणि मी मुकी झाले. मग बुवांनी आणि त्र्यंबकने मला विहिरीवर नेलं. बुवा घागर ओतायचे, पाणी काढायचे, पुन्हा ओतायचे. दर वेळी ते पाणी बोटाने चाखून पाहायचे आणि मान हलवायचे. अकराव्या घागरीला ते म्हणाले, “आता गोड लागतं.”

माझा सरस सुटला, भाता गळून पडला, पाठ वेगळी झाली. मी पाच तुकड्यांत सावलीला पडले होते. आणि मित्रांनो, खरं सांगते, कितीतरी आठवड्यांनी मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

सुतार परशुरामने माझे सांधे पुन्हा जोडले. भाता नवा आला. सुहासिनीने सूर गोड्या पाण्यात धुतले, मऊ कापडाने टिपले. चिंच नाही, राख नाही. पण मिठाने काहींची जीभ खाल्ली होती. ते सूर हलले होते. मास्तरांची कानस तिने धान्याच्या डब्यामागून काढली, तेव्हा त्र्यंबकला कळलं की ती तिथे होती. तिने काळी एक मुळाशी घासली, एक हात. त्र्यंबक भाता मारत होता. “चढा,” ती म्हणाली. पुन्हा एक हात. “अजून.” पुन्हा. चौथ्या वेळी तिने कानस खाली ठेवली. नुसती ऐकत राहिली. सूर शेजाऱ्यांत जाऊन बसला होता.

दसऱ्यापर्यंत रोज दुपारी हे चाललं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळे सूर जागेवर होते. त्र्यंबक माझ्यापुढे बसला आणि त्याने तिला विचारलं, “यातले किती तुला लावावे लागले?”

“एकोणीस.”

“कुठले कुठले?”

“तुम्ही ओळखा,” ती म्हणाली.

त्याने खालून वरपर्यंत वाजवलं. मग वरून खाली. काळी एक त्याला ठाऊक होती. ती सोडून तो एकेक पट्टी दाबायचा, डोळे मिटायचा, म्हणायचा, “हा तुझा.” ती मान हलवायची. “मग हा?” पुन्हा नाही. असं अर्धा तास चाललं. शेवटी त्याने हात मांडीवर ठेवले. “नाही ओळखता येत गं,” तो म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं. वडील गेले तेव्हाही तो असा रडला नव्हता.

पुढे गावातल्या बुडालेल्या पेट्या सुहासिनीच्या दारी येऊ लागल्या. बुवा त्या आधी विहिरीवर नेत, पाणी चाखत, मग ती सूर काढी. त्र्यंबक कचेरीतून आला की भात्याला बसायचा आणि ती “जरा हळू” म्हणाली की हळू करायचा.

पाऊस दर वर्षी येतो. आषाढ लागला की मला अजून भीती वाटते. खाडीचा वास आला की पट्ट्या आपोआप आखडतात. हा अस्वस्थपणा आता जायचा नाही. पण मला हल्ली कुणी गुंडाळून ठेवत नाही. मी वरच्या फळीवर असते आणि रोज थोडी तरी वाजते.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादं जुनं वाद्य असेल तर ते नुसतं जपून ठेवू नका. ते दुखलं तर आपल्याला कळत नाही असं म्हणायला लाजू नका, ज्याला कळतं त्याच्याकडे जा, मग तो मिठागरावरचा असो की आणखी कुठला. आणि बाहेर शोधायला निघण्याआधी एकदा घरात बघा. तुमच्याच स्वयंपाकघरात कुणीतरी भाकरी थापता थापता हात थांबवून ऐकत असेल.